वेगवेगळे संगणक, एकच डिस्क: नेटवर्कवरच्या स्टोरेजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेबलावर विंडोजचा लॅपटॉप, शेजारी मॅक, कोपऱ्यात लिनक्स टाकलेला जुना डेस्कटॉप, आणि सगळ्यांना हव्या असतात त्याच फायली. पेन ड्राइव्ह फिरवून काही दिवस निभतं. मग एका फाइलच्या चार प्रती होतात आणि शेवटची कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. अशी मिश्र नेटवर्क लावायचं आणि सांभाळायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. खालचे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले आहेत. उत्तरं सारखी लांब नाहीत, कारण अडचणीही सारख्या नसतात.

सर्व्हरची डिस्क ईएक्सटी४ फॉरमॅटची आहे. विंडोजला ती वाचता येईल का?

येईल, आणि त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो म्हणून तो पहिला घेतला.

डिस्क काढून विंडोजच्या मशिनला थेट जोडली तर विंडोज ती सहजासहजी ओळखणार नाही, हे खरं. पण नेटवर्कवरून जाताना विंडोज डिस्कला हातच लावत नाही. ते सर्व्हरला सांगतं, ‘अमुक फोल्डरमधली अमुक फाइल उघड, सुरुवातीपासूनचे इतके बाइट दे.’ ते बाइट डिस्कवर कुठे आणि कसे ठेवलेत हे सर्व्हर बघतो आणि उत्तर पाठवतो. डिस्कचा फॉरमॅट हा सर्व्हरचा घरचा मामला आहे. दोघांची बोलायची भाषा, म्हणजे प्रोटोकॉल, जुळला की झालं.

त्यामुळे ‘सगळ्यांना चालावी’ म्हणून सर्व्हरची डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करू नका. एक्सफॅटमध्ये फाइलचा मालक आणि परवानग्या साठवायची सोय नाही, जर्नलही, म्हणजे होणाऱ्या बदलांची आधी नोंद ठेवणारी वहीही, नाही. लिहिणं चालू असताना वीज गेली तर नुकसान होण्याची शक्यता त्यात जास्त. हातोहात फिरणाऱ्या ड्राइव्हसाठी एक्सफॅट चांगलं आहे. लिनक्स सर्व्हरसाठी ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस किंवा झेडएफएस यांतलं काहीही घ्या.

एसएमबी, एनएफएस, एएफपी: यांतलं कोणतं निवडू?

हे तिन्ही नेटवर्कवरून फायली वाटायचे प्रोटोकॉल. तीन प्रकारचे संगणक असतील तर एसएमबी. बहुतेकांना एवढं उत्तर पुरतं, पण त्यामागचं कारण माहीत असलेलं बरं.

एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलं, युनिक्सच्या मशिनांसाठी. त्याचा सगळा विचार युनिक्सच्या पद्धतीचा आहे: फाइलचा मालक म्हणजे एक आकडा, कुलूप म्हणजे आपसातला समजुतीचा करार, आणि समोरचं मशिन विश्वासातलं आहे हे गृहीत. एसएमबीचा जन्म त्याच सुमारास आयबीएममध्ये, बॅरी फायगेनबाम यांच्या हातून झाला. मायक्रोसॉफ्टने ते पुढे वाढवलं. तिथे विचार वेगळा: मशिनवर विश्वास ठेवायचा नाही, माणसाने नाव आणि पासवर्ड द्यायचा, आणि फाइल उघडतानाच ‘मी लिहितोय, तोवर दुसऱ्याला लिहू देऊ नको’ असं सांगता यायचं.

एएफपी ॲपलचं. आता ते नव्याने लावू नका. ॲपलने २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून मॅक-मॅकमधल्या शेअरिंगसाठीही एसएमबीला पहिली पसंती दिली, आणि २०२० च्या बिग सरपासून मॅकवरून एएफपीने फोल्डर शेअर करायची सोयच काढून टाकली. इंटरनेटवर अजून ‘मॅकसाठी एएफपी वेगवान’ असे जुने सल्ले सापडतात. त्यांची मुदत संपली आहे.

म्हणून विंडोज, मॅक आणि लिनक्स एकत्र असतील तर सगळ्यांनी एसएमबी वापरावं. नुसती लिनक्सची मशिनं असतील, त्यांच्यात सॉफ्टवेअर बिल्ड होणार असेल, किंवा युनिक्सच्या परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) जशाच्या तशा हव्या असतील तर एनएफएस. विंडोजवर एनएफएसचा क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी बोलणारा प्रोग्रॅम, मिळतो, पण होम आवृत्तीत नाही, आणि तो जुन्या तिसऱ्या आवृत्तीवरच अडकलेला आहे. त्या वाटेला मी जात नाही.

सांबा म्हणजे एसएमबीच का?

एसएमबी ही भाषा, सांबा ती बोलणारा एक प्रोग्रॅम. अँड्र्यू ट्रिजेल ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकत असताना त्यांनी तो लिहायला घेतला आणि १९९२ च्या जानेवारीत सगळ्यांसाठी खुला केला. आधीचं नाव त्यांना बदलावं लागलं, तेव्हा एस, एम, बी ही अक्षरं त्याच क्रमाने येणारे शब्द त्यांनी शब्दकोशाच्या फाइलमधून शोधले आणि त्यातून ‘सांबा’ निघालं. नॅस (नेटवर्कवरचं स्टोरेज) म्हणून विकत मिळणाऱ्या बऱ्याच तयार पेट्यांच्या पोटात लिनक्स आणि सांबाच असतो. त्यामुळे पेटीच्या सेटिंगच्या पानावर अडलात तर त्याच नावाचा सांबाचा पर्याय शोधा, उत्तर पटकन सापडतं.

आयस्कझीने डिस्क दोन मशिनांना दिली तर दोघांना वापरता येईल ना?

नाही. इथे मी आवाज चढवून सांगतो, कारण यात डेटा जातो आणि जाताना सांगून जात नाही.

एसएमबी आणि एनएफएस फायली वाटतात. आयस्कझी अख्खी डिस्क देतं, कच्च्या ब्लॉकच्या स्वरूपात. घेणाऱ्या मशिनला ती स्वतःच्या पोटातली डिस्क वाटते. ते तिच्यावर आपली फाइलसिस्टिम, म्हणजे फायली ठेवायचा फॉरमॅट, मांडतं आणि कुठला ब्लॉक मोकळा आहे याची नोंद आपल्या मेमरीत धरून ठेवतं. आता दुसरं मशिन तीच डिस्क जोडतं. त्याचीही स्वतःची नोंद. पहिल्याने एका मोकळ्या ब्लॉकवर फोटो लिहिला. दुसऱ्याच्या वहीत तो ब्लॉक अजून मोकळाच आहे, म्हणून त्याने तिथे हिशोबाची फाइल लिहिली. दोघांनाही ‘सेव्ह झालं’ असं दिसतं.

एका ठिकाणी मला असं झाल्यावर बोलावलं होतं. फोल्डरच्या याद्या दोन्ही मशिनांवर वेगवेगळ्या दिसत होत्या आणि प्रत्येक जण दुसऱ्याचं मशिन बिघडलंय असं समजत होता. पहिल्याला रीस्टार्ट केल्यावर त्याच्या निम्म्या फायली उघडेनात. त्यातलं फार थोडं परत मिळालं.

एक डिस्क दोन मशिनांनी ब्लॉकच्या पातळीवर वापरायची असेल तर त्यासाठी खास फाइलसिस्टिम असतात: जीएफएस२, ओसीएफएस२, व्हीएमएफएस. त्या आपसात बोलून कुलपं सांभाळतात. एनटीएफएस, ईएक्सटी४, एपीएफएस तसं करत नाहीत. साध्या गरजेसाठी आयस्कझीची डिस्क एकाच मशिनला द्या आणि बाकीच्यांना त्या मशिनवरून एसएमबीने फायली वाटा.

विंडोजच्या ‘नेटवर्क’मध्ये सर्व्हर दिसतच नाही. बंद आहे का?

दिसणं आणि चालू असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन सर्व्हरचा आयपी पत्ता टाका. शेअरची, म्हणजे वाटलेल्या फोल्डरांची, यादी आली तर सर्व्हर ठणठणीत आहे, फक्त त्याची दवंडी विंडोजपर्यंत पोहोचत नाही.

पूर्वी ही दवंडी नेटबायोसवरून, एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीच्या आधाराने पिटली जायची. ती आवृत्ती बंद झाली आणि यादी रिकामी झाली. आताचं विंडोज डब्ल्यूएस-डिस्कव्हरी ऐकतं, मॅक बॉन्जूर ऐकतो. लिनक्स सर्व्हरवर दोन्हींसाठी छोट्या सेवा मिळतात, त्या चालू करा. किंवा सरळ राउटरमध्ये सर्व्हरला कायमचा आयपी देऊन ड्राइव्ह मॅप करून टाका. मी हेच करतो.

पासवर्ड बरोबर आहे, तरी विंडोज आत घेत नाही. असं का?

कारणं तीन-चारच असतात, पण माणूस त्यात अख्खी दुपार घालवतो.

सगळ्यात आधी, तुम्ही पिन टाकताय का? विंडोज उघडायचा चार किंवा सहा आकडी पिन त्या मशिनपुरताच असतो, तो नेटवर्कवर चालत नाही. फोल्डर विंडोजच्या मशिनवर असेल आणि तिथलं खातं ऑनलाइन प्रकारचं असेल तर त्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो. मी अशा वेळी त्या मशिनवर फक्त शेअरिंगसाठी एक साधा स्थानिक युजर काढतो, म्हणजे कोणाचाही वैयक्तिक पासवर्ड चार मशिनांवर साठवावा लागत नाही.

सांबाच्या बाबतीत लक्षात ठेवायचं ते हे की लिनक्सचा पासवर्ड आणि सांबाचा पासवर्ड वेगळे साठवले जातात. लिनक्समध्ये युजर काढला म्हणजे तो सांबात आपोआप आला असं होत नाही.

मग तो १२१९ क्रमांकाचा एरर. विंडोज एका सर्व्हरशी एका वेळी एकाच नावाने बोलतं. सकाळी तुम्ही ‘अकाउंट्स’ नावाच्या युजरने एक शेअर उघडला असेल आणि आता त्याच सर्व्हरवरचा दुसरा शेअर ‘डिझाइन’ या युजरने उघडायचा म्हणालात तर ते नकार देतं. सगळ्या खिडक्या बंद केल्या तरी जुनी जोडणी काही काळ जिवंत राहते. कमांड प्रॉम्प्टमधून जोडण्या तोडा, किंवा लॉग-आउट होऊन परत या.

आणि पासवर्डच नसलेला, ‘गेस्ट’ म्हणून उघडा ठेवलेला शेअर असेल तर नवं विंडोज तो नाकारण्याची शक्यता खूप आहे. विंडोज ११ च्या २४एच२ पासून प्रो आवृत्तीतही हा रस्ता मुळातच बंद असतो. रजिस्ट्रीत बदल करून तो उघडायचे उपाय सापडतील. त्यापेक्षा शेअरला पासवर्ड लावा. दहा मिनिटांचं काम आहे.

एनएफएसने फोल्डर जोडला, पण फायलींचा मालक भलताच दिसतो. लिहिताही येत नाही.

टर्मिनलमध्ये फायलींची सविस्तर यादी काढा आणि मालकाच्या जागी नावांऐवजी आकडे दाखवायला सांगा. मग चित्र स्पष्ट होतं. लिनक्सवर पहिल्या युजरचा आकडा बहुधा १००० असतो. मॅकवर पहिल्या युजरचा ५०१. तुमचं नाव दोन्हीकडे एकच असेल, पण नेहमीच्या पद्धतीने लावलेलं एनएफएस नाव बघत नाही, आकडा बघतं. मॅक म्हणतो, ‘मी ५०१.’ सर्व्हर म्हणतो, ‘फाइल १००० ची आहे, तुझी नव्हे.’

उलट बाजूही बघा. दोन लिनक्स लॅपटॉप, दोन वेगळी माणसं, आणि दोघांचाही आकडा १०००. सर्व्हरच्या दृष्टीने ते एकच माणूस. एकाचं खासगी फोल्डर दुसऱ्याला आपोआप उघडं. पासवर्ड नावाची गोष्टच यात येत नाही.

उपाय दोन. सगळ्या मशिनांवर प्रत्येक माणसाला तोच आकडा द्या. पाच-सात मशिनांपर्यंत हे हाताने जमतं. किंवा सर्व्हरला सांगा की या फोल्डरमध्ये कोणीही आला तरी त्याला एका ठरावीक युजरच्या आकड्याने वागव. सगळ्यांनी मिळून वापरायच्या फोल्डरसाठी मला दुसरा जास्त आवडतो. माणसागणिक खरी ओळख हवी असेल तर एनएफएस केर्बेरॉस या ओळख पटवणाऱ्या व्यवस्थेसकट लावावं लागतं. तेव्हा सगळ्या मशिनांची घड्याळंही जुळलेली लागतात, सहसा पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही.

मॅकला अजिबात जोडूच दिलं नाही तर आणखी एक कारण तपासा. बरेच लिनक्स सर्व्हर १०२४ च्या खालच्या पोर्टवरून आलेलीच विनंती स्वीकारतात आणि मॅक वरचा पोर्ट वापरतो. मॅकवर जोडताना राखीव पोर्ट वापरण्याचा पर्याय दिला की काम होतं.

एक्सपोर्ट्स फाइलमध्ये एकाच मशिनला परवानगी दिली होती, तरी सगळ्यांना लिहिता येतंय!

एनएफएस सर्व्हरवर कोणता फोल्डर कोणत्या मशिनला द्यायचा ते या फाइलमध्ये लिहितात. तिच्यात मशिनच्या पत्त्यानंतर कंस सुरू होण्याआधी एक मोकळी जागा सुटली आहे का बघा. पत्ता आणि कंस चिकटून लिहिले तर अर्थ होतो, ‘या मशिनला वाचायला आणि लिहायला दे.’ मध्ये एक स्पेस पडली की अर्थ होतो, ‘या मशिनला नेहमीची परवानगी दे, आणि बाकी साऱ्या जगाला वाचायला आणि लिहायला दे.’ ‘नेहमीची’ म्हणजे फक्त वाचायची. म्हणजे ज्याला द्यायचं त्यालाच लिहिता येत नाही आणि बाकीच्यांना सगळं मोकळं. स्क्रीनवर ती जागा डोळ्यांना जाणवतही नाही. फाइल बदलल्यावर काय लागू झालंय याची यादी सर्व्हरकडून छापून घ्यायची सवय मला याच स्पेसने लावली.

मराठी नावाची फाइल एका मशिनवर सापडते, दुसऱ्यावर ‘नाही’ म्हणतं. फाइल तर समोर दिसतेय.

हा प्रश्न आपल्यासाठी खास महत्त्वाचा आहे आणि इंग्रजीतल्या मदतीच्या पानांवर तो सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. यातला अर्धा र, ज्याला आपण आडवा किंवा डोळ्याच्या पापणीसारखा र म्हणतो, युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिला जाऊ शकतो. एक, नुक्ता असलेला ऱ हे एकच चिन्ह, मग हलन्त. दोन, साधा र, मग वेगळा नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त, आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. स्क्रीनवर तिन्ही सारखेच. बाइट मात्र तिघांचे वेगळे.

आता मॅकची जुनी फाइलसिस्टिम, एचएफएस प्लस, नावं साठवताना पहिल्या प्रकाराची फोड करून दुसरा प्रकार करते. विंडोज आणि लिनक्स जे मिळेल ते तसंच ठेवतात. जुन्या मॅक डिस्कवरची फाइल लिनक्स सर्व्हरवर जशीच्या तशी कॉपी झाली की तिचं नाव फोडलेलं राहतं. मग विंडोजवरून कोणी ‘दुसऱ्या सहामाहीचा अहवाल’ टाइप करून शोधतो तेव्हा तो पहिला प्रकार शोधत असतो आणि सर्व्हर खरंच सांगतो की असं नाव नाही. एका फोल्डरमध्ये मी एकाच नावाचे दोन अहवाल शेजारी शेजारी पाहिले आहेत. एकात जुने आकडे, दुसऱ्यात दुरुस्त केलेले, आणि कोणाला वाटलं डिस्क खराब झाली.

पहिल्या दोन प्रकारांसाठी उपाय आहे. लिनक्सवर कॉन्व्हएमव्ही नावाचं छोटं साधन फोडलेली नावं जोडून देतं. आधी नुसतं ‘काय बदलेल ते दाखव’ असं चालवा, यादी वाचा, मगच खरा बदल करा. मॅकवरून एनएफएसने जोडत असाल तर जोडतानाच जोडलेली नावं वापरण्याचा पर्याय देता येतो. तिसरा प्रकार मात्र टाइप करणाऱ्याच्या कीबोर्डमधून येतो आणि युनिकोडच्या नियमांनी तो वेगळाच शब्द ठरतो, त्यामुळे कुठलंही साधन तो आपणहून जुळवत नाही. सगळ्यांनी एकच कीबोर्ड मांडणी वापरणं हा त्यावरचा उपाय.

दुसरी अडचण लांबीची. ईएक्सटी४ मध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं. ‘वार्षिक’ या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, पण आत सात चिन्हं आहेत: २१ बाइट. म्हणजे पूर्ण नावात जास्तीत जास्त ८५ चिन्हं. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मात्र २५५ चिन्हं बसतात. विंडोजवर ठेवलेलं लांबलचक मराठी नाव सर्व्हरवर कॉपी करताना अडतं ते यामुळे. नाव लहान करा. फोल्डर मराठीतच ठेवा, त्याची काही अडचण नाही. आपल्या भाषेत नावं ठेवायचं सोडून देऊ नका.

नावांमध्ये आणखी काय टाळायचं?

विसर्गासारखा दिसणारा कोलन, प्रश्नचिन्ह, तारांकन, उभी रेघ, दुहेरी अवतरण, टोकदार कंस: लिनक्सवर हे सगळं चालतं, विंडोजवर चालत नाही. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा नको. ‘कॉन’, ‘एनयूएल’, ‘एयूएक्स’ अशी काही रोमन नावं विंडोजने जुन्या काळापासून राखून ठेवली आहेत, ती फाइलला देता येत नाहीत. आणि रोमन नावांत मोठी-लहान लिपी: लिनक्सला ते दोन वेगळे शब्द वाटतात, विंडोज आणि बहुतेक मॅकना एकच.

दोघांनी एकच फाइल एकाच वेळी उघडली तर?

एसएमबीवर ऑफिसचा दस्तऐवज असेल तर दुसऱ्याला ‘फक्त वाचण्यासाठी’ उघडेल असा निरोप येतो. फाइल उघडतानाच कुलूप मागितलं जातं आणि सर्व्हर ते पाळतो. साध्या टेक्स्ट फाइलला बहुतेक एडिटर कुलूप लावतच नाहीत. तिथे ज्याने शेवटी सेव्ह केलं त्याचं राहतं, आधीच्याचं काम कसलाही आवाज न होता पुसलं जातं. एनएफएसवर कुलूप हा समजुतीचा करार असतो: दोन्ही प्रोग्रॅमनी विचारलं तर पाळला जातो, एकाने नाही विचारलं तर त्याला कोणी अडवत नाही.

डेटाबेसची फाइल मात्र शेअरवर ठेवून दोन मशिनांवरून वापरू नका. एसक्यूलाइट हा एका फाइलमध्ये राहणारा डेटाबेस बनवणारेही नेटवर्क फाइलसिस्टिमवर सावध राहायला सांगतात, कारण नेटवर्कवरची कुलपं बऱ्याच ठिकाणी नीट चालत नाहीत. डेटाबेस हवा असेल तर सर्व्हरवर खरा डेटाबेस सर्व्हर चालवा.

तोच फोल्डर एसएमबी आणि एनएफएस दोन्हींनी वाटला तर?

तांत्रिकदृष्ट्या होतं. मी शक्यतो करत नाही. एसएमबीमध्ये सर्व्हर क्लायंटला म्हणू शकतो, ‘ही फाइल सध्या फक्त तुझ्याकडे आहे, बदल तुझ्याजवळच साठव, नंतर पाठव.’ याला ऑपलॉक म्हणतात आणि वेग त्यानेच मिळतो. पण एनएफएसवरून तीच फाइल कोणी उघडली तर त्याला जुनी प्रत दिसू शकते. एका बाजूला फक्त वाचायची परवानगी ठेवली तर धोका बराच कमी होतो. दोन्हीकडून लिहायचंच असेल तर त्या शेअरवर ऑपलॉक बंद करा आणि वेग कमी झालेला सोसा.

कॉपी फार हळू होते. डिस्क बदलू का?

आधी आकडा वाचा. मोठी एकच फाइल, दोन-चार जीबीची, कॉपी करा आणि सेकंदाला किती एमबी जातायत ते बघा.

साधारण ११० च्या आसपास असेल तर सगळं ठीक आहे. गिगाबिट नेटवर्कची कागदोपत्री मर्यादा १२५ आहे आणि थोडं प्रोटोकॉलच्या बोलण्यात जातं. यापुढे जायचं तर अडीच किंवा दहा गिगाबिटचं नेटवर्क लागेल, डिस्क बदलून काही होणार नाही.

आकडा ११ वर खिळून राहिला असेल तर कुठेतरी १०० मेगाबिटची गाठ पडली आहे. जुना स्विच असेल, किंवा केबल. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. एखादी जोडी तुटली तर बऱ्याचदा दोन्ही टोकं १०० मेगाबिटवर उतरतात आणि काम चालू ठेवतात, तक्रार करत नाहीत. मी एकदा दोन दिवस सांबाची सेटिंग्ज बदलत बसलो होतो. शेवटी खाली वाकून पाहिलं तर खुर्चीचं चाक रोज एकाच जागी केबलवरून जात होतं. केबल बदलली आणि आकडा ११ वरून ११२ वर गेला. तेव्हापासून सेटिंगला हात लावायच्या आधी मी स्विचवरचा दिवा बघतो.

मोठी फाइल जोरात जाते पण हजारो छोट्या फायली रेंगाळतात, हे वेगळं दुखणं आहे. प्रत्येक फाइलसाठी नाव तपासणं, उघडणं, लिहिणं, बंद करणं, आणि दर वेळी सर्व्हरच्या उत्तराची वाट. वाय-फायवर ही वाट आणखी लांबते. झिप करून एक फाइल पाठवा आणि सर्व्हरवरच उघडा.

आमचा जुना स्कॅनर ‘एसएमबी १ चालू करा’ म्हणतो. करू का?

नका करू. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो विंडोजच्या एसएमबी १ मधल्या चुकीतूनच. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण असंख्य मशिनांवर ती बसवलेली नव्हती. त्याच वर्षी विंडोज १० ने एसएमबी १ आपणहून बसवणं थांबवलं, सांबानेही २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून ते मुळात बंद ठेवलं. स्कॅनरला ई-मेलने किंवा एफटीपीने पाठवता येत असेल तर ते वापरा. काहीच जमत नसेल तर फक्त स्कॅनरसाठी वेगळं छोटं मशिन ठेवा, ज्यावर दुसरं काहीही नाही.

मॅक सगळीकडे टिंबाने सुरू होणाऱ्या छोट्या फायली टाकतो. पुसू का?

फोल्डरची मांडणी लक्षात ठेवणाऱ्या (.DS_Store) फायली खुशाल पुसा, आणि मॅकला नेटवर्कवर त्या लिहू नको असंही सांगता येतं. टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या फायलींबाबत जरा थांबा: त्यांत मूळ फाइलची जास्तीची माहिती असते. सांबात ‘फ्रूट’ नावाचं मॉड्यूल चालू केलं तर ही माहिती नीट जागी ठेवता येते, शिवाय टाइम मशिनचा बॅकअपही त्याच शेअरवर घेता येतो.

सर्व्हर बंद पडला की माझं लिनक्स मशिनही गोठतं.

एनएफएस जोडताना ‘हार्ड’ हीच मूळ पद्धत असते: सर्व्हर परत येईपर्यंत प्रोग्रॅम थांबून राहतो. त्रासदायक आहे, पण लिहिलेलं हरवत नाही. ‘सॉफ्ट’ केलं तर थोड्या वेळाने एरर येतो, आणि जो प्रोग्रॅम तो एरर तपासत नाही त्याची फाइल अर्धवट राहते. लिहायच्या फोल्डरसाठी हार्डच ठेवा. गोठण्यावर उपाय म्हणून ऑटोमाउंट लावा, म्हणजे फोल्डर लागेल तेव्हाच जोडला जाईल.

बाहेरगावाहून फायली हव्या असतील तर राउटरवर पोर्ट उघडू?

४४५, म्हणजे एसएमबीचा पोर्ट, कधीही नाही. व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित बोगदा, लावा; त्यासाठी वायरगार्ड सोपं आहे. एखादीच फाइल हवी असेल तर एसएफटीपी पुरतं. घरात असताना फोनवर हव्या असतील तर आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये २०१९ च्या आयओएस १३ पासून एसएमबीची सोय आहे, अँड्रॉइडसाठीही बरेच फाइल मॅनेजर ते बोलतात.

शेअरवरची फाइल चुकून डिलीट झाली. रिसायकल बिनमध्ये नाही. आता?

विंडोजवरून नेटवर्कच्या ड्राइव्हवरची फाइल डिलीट केली की ती बिनमध्ये जात नाही, सरळ जाते. इतकी वर्षं बिनवर विसंबलेल्या माणसाला हे त्या क्षणी कळतं, आणि समोरचा चेहरा बघवत नाही.

आत्ता या क्षणी: त्या शेअरवर लिहिणं सगळ्यांनी थांबवा. सर्व्हरवर स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या गोठवलेल्या प्रती, चालू असतील तर कालची प्रत तिथे आहे, ती काढून घ्या. नसतील तर बॅकअप. तोही नसेल तर डिस्क बंद करून परत मिळवणारी साधनं चालवता येतात, पण हाताला काय लागेल ते नशीबावर.

आणि दोन डिस्कचा आरसा, म्हणजे रेड, इथे काही उपयोगाचा नाही. तुम्ही पुसलंत ते त्याने इमानाने दोन्ही डिस्कवर पुसलं. खंडणी मागणारा व्हायरस एका लॅपटॉपवर आला आणि त्या लॅपटॉपला शेअरवर लिहायची परवानगी असेल तर तो शेअरही कुलूपबंद करतो, दोन्ही डिस्कवर सारखाच.

म्हणून नवा सर्व्हर लावताना मी फायली भरण्याआधी या गोष्टी करतो. सांबात रिसायकलचं मॉड्यूल चालू करतो, म्हणजे डिलीट केलेली फाइल सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये जाते. झेडएफएस किंवा बीटीआरएफएसवर दर तासाला स्नॅपशॉट, जे कुठल्याही क्लायंटला पुसता येत नाहीत. रात्री एका वेगळ्या मशिनने येऊन सर्व्हरकडून प्रत ओढून न्यायची. सर्व्हरकडे त्या मशिनचा पासवर्ड नसतो, त्यामुळे सर्व्हर हातचा गेला तरी प्रत सुरक्षित राहते. आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतून कुठलीही एक फाइल काढून उघडून बघायची. गेल्या खेपेला मी मुद्दाम नावात ‘ऱ्या’ असलेली निवडली.